वर तीन, खाली चार

सुरतेच्या पॅसेंजरनं नरडाण्याला उतरून
तो रिक्षानं आला, भर दुपारी,
हातात घारीचा खोका,
चपला पायरीखालीच काढून उभा.
नागपंचमी होऊन गेलेली. उद्या कानबाई.
मी ओसरीवर रोटांचे गहू निवडत होते.
आबांनी विचारलं, तू कोना पोऱ्या शे रे भो?
तो म्हणाला, जिग्नेश. शालिक भिला पाटलांचा. उधन्याचा.
मग जरा थांबून,
तुमचा कझिन लागतो बहुतेक.

कझिन.
आबांनी तो शब्द तंबाखूसारखा
या गालातून त्या गालात फिरवला
आणि माझ्याकडे पाहिलं.
आमच्याकडे चुलत असतो, आते असतो,
मामे नि मावस असतो, त्यांचे साडू, त्यांच्या विहिणी,
आणि बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद
तो भाऊबंद.
कझिन ही नुसती टोपी झाली,
कुणाच्याही डोक्यावर बसेल अशी.

म्हटलं, बस.
गव्हातून काढलेले खडे होते मुठीत,
सूप पालथं घालून त्यावर मांडले.
हा लोटन. त्याच्या वरचं फक्त भाटाला माहीत.
लोटनचे दोघे, उखा नि धुडकू.
उखाचे हे आमचे आबा. धुडकूचा भिला,
जो बहात्तरच्या दुष्काळात लूमवर गेला
आणि मग आलं ते कोपरा फाडलेलं कार्ड.
सुतक दहा दिवस की तीन, यावर पारावर वाद झाला,
ज्यानं त्यानं आपापल्या पेरणीप्रमाणे धरलं.

आता बोट ठेव, तुझ्या खड्यावरून वर चढ.
शालिक, भिला, धुडकू, लोटन. चार.
मी माझ्यावरून. आबा, उखा, लोटन. तीन.
तुझ्या बापालाही लोटन तिसऱ्या पायरीवर भेटतो,
म्हणून तो माझा चुलत-चुलत भाऊ.
तुला एक पायरी जास्त.
त्या उरलेल्या पायरीमुळे
मी तुझी बहीण नाही, आत्या झाले,
वयानं तू दोन वर्षांनी मोठा असलास तरी.

तो हसला. फोई, म्हणाला, गुजरातीत.
आबा चमकले. अहिराणीत फुईच म्हणतात.
पन्नास वर्षं लूमच्या खडखडाटात
एवढा एक शब्द शाबूत राहिला होता,
की तिकडचाच होता, कोण जाणे.
तो वाकून पाया पडला.
केस विरळ झालेत त्याचे.

मग सुपाकडे बघत म्हणाला,
हे सगळं भाटाच्या वहीत असेल ना? तुम्हीपण?

वहीत आबांच्या नावाखाली दोन मुलगे आहेत,
एक नाशिकला, एक पाचव्या वर्षी गेलेला.
अंगणवाडीच्या रजिस्टरात अख्खं गाव मी लिहिते,
कोण कुणाचं, कुणाचं वजन किती.
पण लग्नात माझं कुळ बदललं
आणि सोडचिठ्ठीनं ते काही परत आलं नाही.
रोट आमच्यात भाऊबंदांपुरता. लेकीला चालत नाही.
निवडायला चालते लेक, दळायला, भाजायला.

हे त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, वही बघावी लागेल.

गहू पुरुषामागे सव्वा मूठ. सकाळीच मोजून झाले होते.
आबा म्हणाले, एक मानूस वाढना.
मी डब्यात हात घातला.
मूठ भरता येते. वरचा पाव कसा मोजायचा
हे मला कुणी शिकवलं नाही.
आई बोटं थोडी सैल सोडायची, एवढं पाहिलेलं.
मीही सोडली.

संध्याकाळी त्यानं माझा नंबर घेतला.
नाव काय टाकू, म्हणाला.
आधी कोकिळा लिहिलं, मग खोडून
फुई एवढंच ठेवलं.

दिवेलागणीला सुपावरचे खडे गोळा करायला गेले
तर एक कमी. लोटनच.
कोंबडीनं टिपला असणार.